येतों म्हणून निघालों

इटलीचीं प्रवासवर्णनें वाचकांनीं आजवर पुष्कळ वाचलीं असतील. कोलोझियम केव्हां बांधलें, व्हॅटिकनमधील चित्रें कोणीं काढलीं, हें तर आतां कोणासही घरबसल्या हातांतील यंत्रावर कळतें. तेव्हां आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकानें पुन्हा त्याच वाटेवर लेखणी झिजवावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु या प्रवासांत एक लहानसा शब्द आमच्यासोबत होता, आणि घरीं परत येईपर्यंत त्याचा अर्थ आम्हांस नीटसा कळला नव्हता. त्या शब्दाखातर हा लेख.

प्रथमच एक खुलासा केलेला बरा. या लेखांतील 'आम्ही' हे लेखकापुरते आहेत. वस्तुतः प्रवास आम्हीं एकट्यानेंच केला. बेत मात्र दोघांचा होता. 2024 च्या नोव्हेंबरचीं विमानाचीं तिकिटें आम्हीं पुष्कळ आधीं काढून ठेविलीं होतीं. पुढें आमच्या कन्येचें बाळंतपण नेमकें त्याच महिन्यांत येणार असें ठरलें, आणि सौभाग्यवतींनीं बंगळूरची वाट धरिली. तिकिटांचे पैसे परत मिळण्याची सोय नव्हती. आमचेंही जाणें रहित करावें असें आमच्या मनांत होतें; पण सौभाग्यवती म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीबाहेर येरझारा घालण्यापलीकडे तुमचा तिथें उपयोग काय? त्यापेक्षां जाऊन या." हें म्हणणें कटु असलें तरी खरें होतें.

मातोश्रींस मात्र हा बेत रुचला नाहीं. त्यांचें वय 86. "साठी उलटलेल्या माणसानें परमुलखांत एकट्यानें हिंडूं नये," एवढेंच त्या एकदां म्हणाल्या व गप्प बसल्या. निघण्याच्या दिवशीं देवास नमस्कार झाल्यावर त्यांनीं नेहमींप्रमाणें आमच्या हातावर दही ठेविलें. गाडी दाराशीं येऊन उभी होती. घाईघाईनें आमच्या तोंडून "बरं, जातों" असे शब्द निघून गेले. मातोश्रींनीं तेथल्या तेथें आम्हांस थांबविलें. "जातों नाहीं म्हणायचं. येतों म्हण." आम्हीं शाळकरी मुलाप्रमाणें "येतों" म्हटलें, तेव्हां कोठें उंबरठा ओलांडण्याची परवानगी मिळाली.

मुंबईहून वाटेंत एकदां विमान बदलून आम्ही रोमला उतरलों. कोलोझियम, फोरम, व्हॅटिकन हीं स्थळें यथाक्रम पाहिलीं. पण मनांत घर केलें तें पँथिऑननें. हें देवालय हेड्रिअन बादशहाच्या काळीं, इ. स. 126 च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या घुमटाचा व्यास सुमारें 43 मीटर आहे, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. म्हणजे आंत एक अखंड गोल चेंडू बरोबर मावावा. आपल्या विजापूरचा गोलघुमट आंतून सुमारें 38 मीटर रुंद, आणि तो या घुमटानंतर पंधरा शतकांनीं उठला. चुना, ज्वालामुखीची राख व खडी यांचें मिश्रण ओतून, लोखंडाचा एक गजही न घालतां, रोमन कारागिरांनीं हें छत उभें केलें. खालीं जड दगडाची खडी, आणि वर जावें तों हलक्या सच्छिद्र दगडाची, अशी त्यांची युक्ति होती. लोखंडाच्या आधारावांचून उभा असलेला इतका मोठा काँक्रीटचा घुमट जगांत आजही दुसरा नाहीं.

घुमटाच्या माथ्यावर आठ-नऊ मीटर रुंदीचें एक छिद्र मोकळेंच ठेविलें आहे. आम्ही आंत असतांना पाऊस सुरू झाला. त्या छिद्रांतून पावसाचा एक खांबच्या खांब सरळ खालीं उतरूं लागला. फरशीला किंचित् उतार आहे व तिच्यांत भोंकें आहेत. त्यांतून पाणी निघून जातें. शेंदोनशें प्रेक्षक भोंवतालीं रिंगण करून निमूटपणें तो पाऊस पाहत उभे राहिले. अशा वेळीं एकट्या प्रवाशाचें उणें कळून येतें. "अहो, पाहिलंत का?" असें म्हणावयास शेजारीं कोणी नसतें. आमची मान संवयीनें डावीकडे वळली. तेथें कोणी एक जपानी गृहस्थ उभे होते. त्यांनीं सौजन्यानें किंचित् मस्तक लवविलें.

रोमचा दुसरा मोठेपणा पाण्याचा. शहरांत अडीच हजारांच्या आसपास बिडाच्या लहान लहान पाणपोया आहेत. 1874 पासून त्या बसविण्यांत आल्या, आणि त्यांच्या वांकड्या तोटीवरून लोकांनीं त्यांना 'नाझोनी', म्हणजे मोठीं नाकें, असें नांव ठेविलें. पाणी अहोरात्र वाहत असतें. वाटसरूनें बाटली भरावी व पुढें चालावें. पेशव्यांच्या वेळीं कात्रजहून नळ आणून पुण्यांत जे हौद बांधले त्यांची आम्हांस आठवण झाली. आपल्याकडील ती सोय इतिहासजमा झाली. तेथें मात्र इ. स. पूर्वी 19 व्या वर्षीं अग्रिपानें जो जलमार्ग आणिला, त्याच्याच वारशाचें पाणी आजही प्रसिद्ध त्रेवी कारंजास मिळतें.

त्या कारंजांत पाठमोरें उभें राहून खांद्यावरून नाणें टाकिलें, कीं रोमला पुन्हा येणें घडतें, अशी समजूत आहे. आमच्या नशिबीं कारंजें दुरुस्तीसाठीं कोरडें केलेलें होतें. पण लोकांचा हिरमोड होऊं नये म्हणून समोर एक टांकीवजा लहानसा हौद तात्पुरता ठेविला होता, आणि देशोदेशींची मंडळी त्यांत श्रद्धेनें नाणीं टाकीत होती. हा पैसा पुढें धर्मादायाकडे, गोरगरिबांसाठीं जातो. आम्हीं खिशांत हात घातला, पण पुन्हा बाहेर काढिला. पुन्हा येण्याचें वचन आम्हीं एका ठिकाणीं आधींच देऊन बसलों होतों. तें फिटण्यापूर्वीं दुसरें देणें बरें वाटलें नाहीं.

रोज सायंकाळीं घरीं दूरध्वनि होत असे. आमच्या येथें सायंकाळ, म्हणजे पुण्यास रात्रीचे साडेदहा. पण मातोश्री तोंपर्यंत जाग्या राहत. यंत्रावर एकमेकांचीं तोंडें दिसत. प्रश्न ठरलेले असत: जेवलास का, काय जेवलास, कानाला गुंडाळतोस का. शाकाहारी माणसाची इटलींत उपासमार होत नाहीं, हें आम्ही त्यांस रोज नव्यानें पटवून देत होतों.

रोमहून आगगाडीनें आम्ही व्हेनिसला गेलों. गाडी खाडीवरील लांब पुलावरून थेट पाण्यांतच शिरल्यासारखी जाते. स्टेशनाच्या पायऱ्या उतरलें कीं समोर रस्त्याच्या जागीं कालवा. या शहरांत मोटार नाहीं, दुचाकी नाहीं. पहिल्या रात्रीं आम्हांस झोंप लागेना; कारण शोधूं लागतां कळलें, कीं चाकांचा आवाजच नाहीं. पावलें वाजत, बोलणें ऐकूं येई, पाणी भिंतीला लागून चुळबुळे, एवढेंच. शेंसव्वाशें लहान बेटें चारशेंहून अधिक पुलांनीं जोडून हें नगर झालें आहे. इमारतींखालीं लांकडाच्या असंख्य मेखा चिखलांत ठोकलेल्या आहेत. त्या चिखलांत हवेचा शिरकाव नाहीं, म्हणून शतकानुशतकें लांकूड बहुतांशीं टिकून राहिलें.

गोंडोल्यांतून अर्धा तास फिरण्याचा दर 90 युरो होता. तो नांवेचा दर. बसणारा एक असो वा चार. एकट्याच्या हिशेबांत तें बसेना. मग मोठ्या कालव्याच्या या तीरावरून त्या तीरास नेणारी साधी तर शोधून काढली. दोन युरोंत, गांवच्या लोकांच्या शेजारीं उभें राहून, आम्हीं गोंडोल्यांतून प्रवास केल्याचें पुण्य पदरांत पाडून घेतलें. समुद्राचें पाणी चढून शहर बुडण्याचा धोका पूर्वींपासूनचा. 12 नोव्हेंबर 2019 रोजीं तें 187 सेंटिमीटरपर्यंत चढलें होतें. 2020 च्या ऑक्टोबरपासून खाडीच्या तोंडाशीं बसविलेले लोखंडी दरवाजे उचलून भरती अडवितां येऊं लागली आहे.

21 नोव्हेंबरला आम्ही तेथेंच होतों, आणि हा दिवस व्हेनिसकरांच्या नवसाचा. 1630 व 1631 या वर्षीं प्लेगनें या शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा नेला. सांथ हटावी म्हणून तेथील राज्यकर्त्यांनीं देवमातेचें मोठें देऊळ बांधण्याचा नवस केला, आणि लोंगेना नांवाच्या शिल्पकारानें तें 'सालूते'चें, म्हणजे आरोग्याचें, देऊळ कालव्याच्या तोंडाशीं उभें केलें. दरवर्षीं त्या दिवशीं मोठ्या कालव्यावर एक तात्पुरता पूल घालतात, आणि सारें गांव त्यावरून चालत देवळास जातें. इतर दिवशीं व्हेनिस प्रवाशांचें असतें. त्या दिवशीं तें व्हेनिसकरांचें झालें होतें. नातवंडांचा हात धरून आज्या चालल्या होत्या, मुलें वृद्ध वडिलांच्या चाकांच्या खुर्च्या ढकलीत होतीं. पुण्याच्या प्लेगांत गांवाबाहेर झोंपड्या घालून राहिलेल्या माणसांच्या गोष्टी आमच्या घरींही आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या. आम्हीं सर्वांबरोबर एक मेणबत्ती घेतली. देव आपला नसला तरी मागणें आपलेंच होतें. त्याच दुपारीं बंगळूरहून वार्ता आली: कन्या सुखरूप, मुलगी झाली. पुलाच्या मध्यावर, धक्काबुक्कींत, आम्ही आजोबा झालों.

ती वार्ता सांगावयास घरीं दूरध्वनि केला, तेव्हां मातोश्री म्हणाल्या, "आजपासून तें चित्र नको रे. डोळे दुखतात. नुसता आवाज पुरे." त्यांचा मोतीबिंदू जुना, आम्हांस कांहीं वावगें वाटलें नाहीं.

धुकें व दमट वारा यांनीं आपलें काम केलें होतें. दुसऱ्या दिवशीं फ्लॉरेन्सला पोंचलों तों अंगांत 102 ताप. आम्हीं जेथें खोली घेतली होती, त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या घरांतल्या, विधवा. त्यांना इंग्रजी येत नव्हतें, आम्हांस इटालियन येत नव्हतें; यंत्रांत बोलून भाषांतर करून घ्यावयाचें, असा व्यवहार चाले. आमचें तोंड पाहतांच त्यांनीं यंत्र बाजूला ठेविलें आणि हातवाऱ्यांनीं आम्हांस फैलावर घेतलें: गळ्याभोंवतीं कांहीं नाहीं, डोकें ओलें, वाऱ्यांत हिंडतां! तें व्याख्यान आम्हीं पूर्वीं मराठींत अनेकदां ऐकलें असल्यामुळें शब्दन् शब्द समजला. त्यांनीं भाज्यांचें कढण करून त्यांत तांदळाएवढी बारीक शेवई शिजविली व वाडगा आणून दिला. इटलींत आजारी माणसास व लहान मुलांस हेंच देतात. आम्ही मांस खात नाहीं हें त्यांनीं ध्यानांत ठेविलें होतें. आपल्या मऊ भाताचीच ती बहीण.

तीन दिवस आम्ही अंथरुणावर होतों. मायकेलॅंजेलोची डेव्हिडची मूर्ति, उफित्सींतील चित्रें, सारें हांकेच्या अंतरावर, आणि आमच्या वांट्यास एक खिडकी. पण त्या खिडकींतून घरांच्या कौलांवर ब्रुनेलेस्कीचा तांबडा घुमट दिसत असे. 1420 ते 1436 या सोळा वर्षांत तो उठला. एवढ्या मोठ्या घुमटाखालीं जमिनीपासून लांकडी सांचा उभारणें अशक्य होतें. म्हणून एकांत एक असे दोन घुमट आणि विटांची तिरकस, एकमेकींस धरून ठेवणारी वीण, अशी रचना त्यानें केली. प्रत्येक थर पुरा झाला कीं स्वतःच स्वतःस सांवरी. तापांत पडल्या पडल्या तो घुमट पहाटे करडा, दुपारीं तांबडा, संध्याकाळीं काळा होतांना आम्हीं पाहिला.

घरीं मात्र आम्हीं ताप कळविला नाहीं. "आवाज बसलाय, थंडी फार आहे," असें सांगितलें. मातोश्री थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "आलं मिळतं का तिथं? घालून घे चहांत." त्यांनीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. रात्रीं परक्या छताकडे पाहत असतां मनांत नाहीं नाहीं तें येई, आणि अशाच एका रात्रीं आम्हांस राजाराम महाराजांची आठवण झाली.

कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज यांचें नांव आम्हीं इतिहासाच्या तासाला अनेकदां घेतलें होतें. 1870 सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, ते विलायतेस गेले. समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त घ्यावें लागे असे ते दिवस. इंग्लंड पाहून युरोपखंडांतून परततांना ते आजारी पडले, आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजीं याच फ्लॉरेन्समध्यें वारले. तेव्हां हें शहर इटलीची राजधानी होतें. प्रेतदहन तेथें कोणास ठाऊक नव्हतें. नगराच्या अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदु पद्धतीनें त्यांचे अंत्यसंस्कार झाले.

ताप उतरल्यावर डेव्हिड पाहावयास जाण्याऐवजीं आम्ही प्रथम तिकडे निघालों. मालकीणबाईंस स्थळाचें नांव सांगतांच त्या म्हणाल्या, "इंदियानो!" लहानपणीं वडिलांबरोबर त्या तेथें फिरावयास जात. त्यांनीं आपली लोंकरीची गळपट्टी आमच्या गळ्याभोंवतीं गुंडाळली, तेव्हां कोठें बाहेर सोडलें.

कासीने नांवाचें उद्यान आर्नोच्या कांठानें तीनसाडेतीन किलोमीटर पसरलें आहे. त्याच्या अगदीं पश्चिम टोकाला, झाडांच्या आड, 1874 मध्यें उभारलेली एक छत्री आहे. हो, छत्रीच, आपल्याकडे संस्थानिकांच्या समाधींवर असते तशी, खांबांवर घुमटी. तिचा आराखडा चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा स्थपति तोच. छत्रीखालीं फुलर या शिल्पकारानें केलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. तो रंगविलेला आहे, त्यामुळें चेहरा जिवंत वाटतो. डोक्यावर पगडी, अंगावर दागिने, आणि मिसरूड नुकतीच फुटलेल्या मुलाचें तोंड. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. पलीकडे नदीवर मोटारींचा मोठा पूल आहे, त्यालाही 'हिंदी माणसाचा पूल' असेंच नांव पडलें आहे.

आम्हीं चाळीस वर्षें वर्गांत विसाव्या वर्षांच्या मुलांकडे पाहिलें आहे. छत्रपति म्हणून जें नांव आम्ही शिकवीत होतों, त्याच्या जागीं आमचा एखादा विद्यार्थी उभा असल्यासारखा वाटला. त्यानें प्रवासाची रोजनिशी ठेविली होती. सोबतच्या कॅप्टन वेस्टनें ती 1872 मध्यें लंडनास प्रसिद्ध केली. जें पाहिलें तें घरीं जाऊन सांगावयाचें, याचसाठीं मनुष्य रोजनिशी लिहितो. वही छापून निघाली, आणि सांगणारा येथें राहिला. निघतांना कोल्हापुरांत त्याच्या हातावरही कोणी दही ठेविलें असेल, आणि राजा असला तरी त्यानेंही "येतों" असेंच म्हटलें असेल. संगमाचें पाणी पावसानें गढूळ झालें होतें. आम्हीं जोडे काढले, हात जोडले, आणि त्या मुलाशीं मनांतल्या मनांत मराठींत चार शब्द बोललों. त्या टोंकाला त्या वेळीं दुसरें कोणी नव्हतें, तरी तेवढा वेळ आम्ही एकटे नव्हतों.

मग एक दिवस डेव्हिडही पाहिला. आज तो एका इमारतींत आहे. 1873 पर्यंत तो भर चौकांत उघड्यावर उभा होता. म्हणजे महाराजांच्या वेळीं तो बाहेरच होता, एवढेंच त्याच्यासमोर उभें असतांना आमच्या मनांत आलें.

निरोपाच्या दिवशीं मालकीणबाई "अर्रिवेदेर्ची" म्हणाल्या. या शब्दाचा अर्थ 'पुन्हा भेटेपर्यंत'. आम्हीं यंत्राच्या साहाय्यानें त्यांस सांगितलें, कीं आमच्याकडेही जातांना 'जातों' म्हणत नाहींत, 'येतों' म्हणतात. त्यांस तें फार आवडलें. त्यांनीं तीनचारदां तो शब्द म्हणून पाहिला. गळपट्टी परत घेण्यास मात्र त्या तयार होईनात.

पुण्यास घराच्या दाराशीं पोंचलों तेव्हां पहाट होती. धाकटे बंधु सामान घ्यावयास पुढें झाले. त्यांची नजर कांहींशी चोरटी वाटली. उंबरठ्याच्या आंत मातोश्री उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात कोंपरापर्यंत प्लास्टरमध्यें होता. आम्हीं व्हेनिसला असतांना, नवसाच्या आदल्या दिवशीं, त्या न्हाणीघरांत घसरून पडल्या होत्या. "त्याला कळवाल तर खबरदार," असा त्यांनीं सगळ्यांस दम भरिला होता, आणि म्हणूनच यंत्रावरचें चित्र बंद झालें होतें.

आम्हीं रागावून कांहीं बोलणार, तोंच त्या म्हणाल्या, "ताप किती होता?" आम्ही गप्प. "आवाज बसलेला वेगळा आणि तापाचा वेगळा. एवढं कळतं मला."

बाहेरून आलेल्यावरून भाकरतुकडा ओवाळावयाचा तो डाव्या हातानें चालत नाहीं. म्हणून भावजयीनें भाकरीचा तुकडा व पाणी हातीं घेतलें, आणि मातोश्रींनीं डाव्या हाताचीं बोटें तिच्या मनगटाला लावलीं. तीनदां ओवाळून तुकडा बाहेर टाकला, डोळ्यांना पाणी लावलें, आणि आम्ही घरांत आलों. 'येतों' हा शब्द निघणाऱ्याचा असतो, अशी आजवर आमची समजूत होती. तो फेडण्याचें अर्धें काम घरीं राहिलेलें माणूस करीत असतें, हें त्या पहाटे आम्हांस कळलें.

दुपारीं आम्हीं त्यांस सारें सांगितलें: पावसाचा खांब, तरींतून उभ्यानें केलेला प्रवास, आणि शेवटीं त्या विसाव्या वर्षाच्या राजाची छत्री. त्या पुष्कळ वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग गळपट्टीवरून हात फिरवून म्हणाल्या, "बाई चांगली दिसते. पुढच्या वेळीं दोघं मिळून जा, आणि हिच्यासाठीं पुरणपोळ्या घेऊन जा. मात्र निघतांना शब्द नीट बोल."